जंगलातली रेघ कोणाची?

नागपूरच्या महालातून बोलतोय. थंडी लागली की बडकस चौकात तर्री-पोहे खाता खाता एकच विषय निघतो: रविवारी गाडी कुठं काढायची? कोणाकडे हिमालयन, कोणाकडे थार. इन्स्टावर अमेरिकेतल्या मोआबचे रील्स येतात. लाल खडक, खोल दऱ्या आणि त्यात चढणाऱ्या गाड्या. मग कोणीतरी विचारतंच, "भाऊ, आपल्या सातपुड्यात असं काहून नाही जमत?"

आजचा एपिसोड त्यावरच.

मोआब युटा राज्यात आहे आणि आजूबाजूची बरीचशी जमीन तिथल्या केंद्र सरकारची. 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला, की सरकारी जमिनीवर अशा गाड्या कुठं चालतील आणि कुठं नाही, हे संबंधित खात्यांनी ठरवून जाहीर करावं. म्हणून तिथं ठरलेल्या वाटा आहेत, नकाशे आहेत, पाट्या आहेत. वाट सोडायची नाही याला कारणही आहे. तिथल्या मातीवर शेवाळ आणि जिवाणूंची पातळ, काळसर साय असते. ती माती धरून ठेवते. एकदा चाकाखाली मोडली की भरून यायला वर्षानुवर्षं जातात.

आपल्याकडे त्याच 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. त्यातून सार्वजनिक रस्ता जात असेल, तर त्या रस्त्यानं तेवढं जाता येतं. राखीव जंगलाला 1927 चा वन कायदा आहे. तिथं विनापरवाना घुसणं गुन्हा.

आता माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. रेपो पब्लिक असली की कोड सगळ्यांना दिसतो, पण पुश करायचा हक्क सगळ्यांना नसतो. सरकारी जंगलाचंही तसंच आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर कच्च्या वाटेला 'ट्रॅक' म्हणतात, आणि तिथं कोण जाऊ शकतं यासाठी 'अॅक्सेस' हा वेगळा टॅग असतो. तो रिकामा दिसला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही राजेहो! कोणी भरला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सॅटेलाइट फोटोत जंगलात सरळसोट उघडा पट्टा दिसतो ना, ती बरेचदा जाळरेषा असते. वणवा पुढं जाऊ नये म्हणून वनखातं तिथलं गवत काढून टाकतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे आसपासच्या गावातली माणसं मोहफुलं वेचायला जंगलात येतात. खाली वाकलेली, अंधुक उजेडात. वळणावरून तुमची गाडी सुसाट आली तर? आणि तापलेला सायलेन्सर वाळक्या गवताला टेकला तर?

जंगल सोडून पांदण रस्ता धरला तरी जरा थांबा. पावसात आपल्या काळ्या मातीत चाकं फिरवली की खोल चाकोऱ्या पडतात. त्या उन्हात दगडासारख्या वाळतात आणि मग शेतकऱ्याची बैलगाडी त्यात अडकते.

परवाना असला म्हणजे सगळं माफ, असंही नाही. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली.

मग गाडी चालवायचीच नाही का? चालवा ना! कोणाची खाजगी पडीक जमीन असेल, तर मालकाला विचारून मनसोक्त चालवा. पांदणीवर जायचं तर जमीन सुकल्यावर, हळू, आणि गावात सांगून. जंगलाची हद्द कुठं लागते ते आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

आणि एक विनंती. खात्री नसलेल्या वाटेची जीपीएक्स फाइल ग्रुपवर टाकू नका. तुम्ही एकदाच गेलात, पण त्या रेघेवरून तुमच्यामागं किती गाड्या जातील, हे तुमच्या हातात राहत नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. हेल्मेट घाला बरं!