एक दिवस रेल्वेत, एक दिवस दोजोत

आज आवाज जरा बसलेला वाटेल, कारण कालची रात्र ऑन-कॉलमध्ये गेली. पहाटे तीनला सर्व्हर आडवा झाला. असो.

मागच्या महिन्यात आमच्या ऐकिदोच्या सरांनी मला विचारलं, "शनिवारची नवीन मुलांची बॅच घेशील का?" मी पटकन म्हणाले, "सर, मी नोकरी करणारी मुलगी. आठवड्यातून दोनदा येते, तेही जमलं तर. शिकवणारी माणसं वेगळी असतात हो." सर एवढंच म्हणाले, "ती माणसं कोण होती, ते जरा वाचून बघ." आजचा भाग त्या वाचनावरच आहे.

माझ्या डोक्यात शिक्षक म्हणजे सगळं सोडून गुरूच्या दारात जाऊन बसलेला माणूस. हे अगदीच खोटं नाही. जपानीत 'उचिदेशी' असा शब्द आहे, म्हणजे गुरूकडेच राहून शिकणारा शिष्य. आपल्याकडे तालमीत मुक्कामाला असलेले पैलवान असतात ना, तसंच काहीसं. झाडलोट करायची, गुरूंसोबत प्रवासात बॅग उचलायची, आणि त्यांनी हात पुढे केला की जाऊन आपटून घ्यायचं. योशिमित्सु यामादा असेच तयार झाले. १९६४ मध्ये ते न्यूयॉर्कला शिकवायला गेले तेव्हा २६ वर्षांचे होते. काझुओ चिबा १९६६ मध्ये ब्रिटनला गेले. अरे, माझ्यापेक्षा लहान! हे वाचून मी आणखीच खचले.

पण पुढे वाचत गेले तसं चित्र बदललं. ऐकिदोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा स्वतः होक्काइदोत वसाहत करायला गेले होते, आणि तिथे १९१५ मध्ये त्यांना दाइतो-र्यूचे सोकाकु ताकेदा भेटले. त्यांचे सुरुवातीचे कितीतरी शिष्य ज्युदोतून आले. मिनोरू मोचिझुकींना तर ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनीच १९३० मध्ये धाडलं. केन्जी तोमिकी पुढे वासेदा विद्यापीठात प्राध्यापक. आणि संस्थापकांचा मुलगा किशोमारू? युद्धानंतर टोक्योचा दोजो तगवायला त्यांनी शेअर-रोख्यांच्या कंपनीत नोकरी केली. म्हणजे दिवसा ऑफिस, बाकीच्या वेळात दोजो. इथे मी लॅपटॉप बंद करून चहा ठेवला.

आता ज्यांच्यासाठी हा भाग करतेय ते मोरिहिरो सैतो. जन्म १९२८, इबाराकी भागातलं इवामाजवळचं गाव. उएशिबा १९४२ पासून इवामात शेती करत राहत होते. १९४६ मध्ये १८ वर्षांचे सैतो त्यांच्याकडे गेले. नोकरी जपानच्या सरकारी रेल्वेत, ड्युटी २४ तास काम आणि २४ तास सुट्टी. युद्धानंतरचे दिवस, पैसा कुणाकडेच नाही. बरेच शिष्य पांगले, उरलेल्यांना सकाळी कामावर जायचं. सैतोंची सकाळ मात्र एक दिवसाआड मोकळी. मग पहाटे तलवार आणि काठीचा सराव चालायचा तो म्हातारे गुरू आणि हे, बऱ्याचदा दोघंच. नंतर शेतातली कामं. गुरू १९६९ मध्ये गेले, तोपर्यंत २३ वर्षं हे चाललं.

म्हणजे मी जिला अडचण म्हणत होते त्या शिफ्टनेच त्यांना गुरू मिळवून दिला होता!

आमच्या धंद्यातल्या लोकांना पुढचं जास्त आवडेल. उएशिबा शिकवायचे ते मनात येईल तसं. नावं नाहीत, क्रम नाही. डॉक्युमेंटेशन नसलेला जुना कोडच म्हणा. सैतोंनी त्याची मांडणी केली: काठीचे २० मूळ हात, तलवारीचे ७, प्रत्येकाला क्रमांक. आज माझ्यासारखी मुलगी गच्चीवर एकटी काठी फिरवते ती त्या क्रमांकांच्या जोरावर.

एक गोष्ट मात्र मला खटकली. सैतोंच्या पत्नीनेही उएशिबा पती-पत्नींची वर्षानुवर्षं सेवा केली, आणि ते बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलेलं असतं. सैतोंच्या मोकळ्या पहाटेमागे घर कुणी सांभाळलं, हे मला जास्त वाचायला आवडलं असतं. माझा डबा अजून आई भरते, म्हणून कदाचित जास्त लागलं.

तर मी या शनिवारची ऑन-कॉल पाळी एका सहकाऱ्याशी बदलून घेतलीय. बदल्यात दिवाळीतली त्याची रात्र माझ्या गळ्यात. पहिल्या दिवशी फक्त पडायला शिकवणार. मी स्वतः ते नीट शिकायला आठ महिने घेतले, त्यामुळे कुठे चुकतं ते तरी पाठ आहे.

सरांना काल मेसेज टाकला, "सर, येते." उत्तर आलं, "अर्धा तास आधी ये. मॅट घालायच्या असतात."