सभासदांची वही आणि जँगो



कामगार संघटनेच्या माणसाने वेब फ्रेमवर्क कसे बसवावे यावर बोलावे, हे पुष्कळांस विचित्र वाटेल. परंतु सभासदांची वही कोणाच्या हाती असावी हा प्रश्न आमचा आहे, आणि वही आता संगणकात गेली आहे. एका कारखान्यात नव्या सभासदांची यादी फुटून व्यवस्थापकाच्या मेजावर पोहोचली. आठवड्याच्या आत कंत्राटी मुलांना गेट बंद झाले. तेव्हा ही वही आपणच बांधावयाची, असे आम्ही ठरविले.

फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. प्रवेशाची तपासणी, नोंदीची कोष्टके, पानांचे पत्ते ही नेहमी लागणारी कामे त्यात आधीच केलेली असतात. आम्ही निवडले ते जँगो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ साली ते रचावयास घेतले. २००५ च्या जुलैत ते सर्वांस विनामूल्य खुले झाले. नाव दिले जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली, तरी तो वाजवीत राहिला. यंत्रात बोटे गमावलेली माणसे आमच्या सभेत असतात. हे सांगितले की ती मान वर करून ऐकतात.

बसविण्याचे काम अर्ध्या तासाचे. संगणकावर आधी पायथन भाषा हवी. मग 'व्हेन्व्ह'च्या आज्ञेने या कामापुरती वेगळी खोली करावयाची, म्हणजे एका कामाची हत्यारे दुसऱ्यात मिसळत नाहीत. त्या खोलीत शिरून 'पिप इन्स्टॉल जँगो' म्हटले की सामान येते. 'स्टार्टप्रोजेक्ट'ने सांगाडा उभा राहतो, 'मायग्रेट'ने कोष्टके आखली जातात, 'क्रिएटसुपरयूजर'ने पहिला कारभारी नेमला जातो, आणि 'रनसर्व्हर' म्हणताच ८००० क्रमांकाच्या दारावर पडद्यावर अग्निबाण उडताना दिसतो. मुले टाळ्या वाजवितात. खरे काम यापुढचे आहे.

'सेटिंग्ज' नावाची एक फाइल असते. तीत घड्याळ जागतिक वेळेचे, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असते. रात्रपाळी सुटून पहाटे पाचला कोणी १ तारखेस वर्गणी भरली, तर ती आदल्या महिन्यात दिसावयाची! तेथे 'एशिया/कोलकाता' लिहावे. भाषेच्या जागी 'एमआर' लिहिले की कारभाराची पाने बरीचशी मराठीत बोलू लागतात.

त्याच फाइलीत 'डीबग' चालू असते. शिकताना ते सोयीचे, कारण काही बिघडले की यंत्र आतले सारे उघडून दाखविते. पण तेच पान बाहेरच्या माणसालाही दिसते. वही जगासाठी उघडण्यापूर्वी ते बंद केलेच पाहिजे, आणि कोणत्या पत्त्यावर उत्तर द्यावयाचे तेही लिहून द्यावे लागते. 'सीक्रेट की' म्हणजे आपली मोहोर. ती परक्याच्या हाती पडली तर खोट्या सह्या होतील, म्हणून ती फाइलीतून काढून वेगळी ठेवावी. 'रनसर्व्हर' तर केवळ तालमीसाठी. खऱ्या प्रयोगास दुसरा सर्व्हर लावावा. 'चेक' आज्ञेला 'डिप्लॉय' जोडले की राहिलेल्या उणिवा जँगो स्वतःच सांगते.

परवलीचे शब्द मात्र ते मुळात जसेच्या तसे साठवीत नाही. सरचिटणीसालाही सभासदाचा शब्द वाचता येत नाही. ही व्यवस्था आम्हांस फार आवडली.

एक गोष्ट उरते. आरंभी सारी वही एसक्यूलाइट पद्धतीच्या एकाच फाइलीत असते. पूर्वीची वही काखेत मारून न्यावी लागे, चार माणसे पाहत; ही खिशातून जाते. आमच्या कचेरीत तिची प्रत घ्यावयाची तर सरचिटणीस व खजिनदार दोघे हजर लागतात, आणि प्रत कपाटात कुलपाखाली जाते. कुलपाची किल्ली खजिनदाराजवळ, परवलीचा शब्द सरचिटणीसाजवळ.