साखर उतरण्याचे भय



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी मला गणित शिकविले. उत्तर चुकले तरी चालेल, पण मांडणी लपवू नकोस, असे ते बजावीत. ती मांडणी मी पुढे नऊ वर्षे माझ्या डॉक्टरांपासून लपविली. आज त्याविषयीच बोलणार आहे.

१९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा इन्सुलिन घेत होतो. देवासला नातेवाइकांकडे सत्यनारायण होता. नैवेद्याला उशीर झाला आणि बस चुकू नये म्हणून मी न जेवताच निघालो. वाटेत दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. कंडक्टरने विचारले, तर सोनकच्छ हे आपल्या गावाचे नावदेखील मला उच्चारता येईना. मागून कोणी म्हणाले, ‘मास्टरसाब पीकर बैठे हैं.’ त्या बसमध्ये माझे दोन विद्यार्थी होते. शेजारच्या एका वृद्ध बाईंनी गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला. त्यांच्या यजमानांना हाच आजार होता.

शरीर तासाभरात सावरले. मन सावरले नाही. वर्गावर जाण्यापूर्वी मी पेढा खाऊ लागलो. संध्याकाळचे इन्सुलिन चार युनिटांनी कमी केले. रात्री झोपेतच काही झाले तर, या धास्तीने उशाशी बिस्किटे ठेवू लागलो. आणि डॉक्टरांना दाखवावयाच्या वहीत खोटे, सुंदर आकडे लिहू लागलो.

इन्सुलिनचा शोध टोरांटो येथे १९२१ साली लागला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. जे औषध प्राण वाचविते, तेच मात्रा आणि भोजन यांचा मेळ चुकला की रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली नेते. ही पातळी साधारणतः ७० मानतात. १९९३ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखर काटेकोर आटोक्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतू यांची हानी पुष्कळ टळते, हे तीत सिद्ध झाले. पण तीव्र स्वरूपात साखर उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, हेही दिसले. म्हणजे डॉक्टरांचा आग्रह रास्त होता आणि माझी भीतीही निराधार नव्हती. व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी तर १९८७ मध्येच ही भीती मोजण्याची प्रश्नावली तयार केली होती. मी मात्र तिला माझा भित्रेपणा समजत होतो.

यातील खरा पेच असा की घाम, कंप, छातीची धडधड ही साखर उतरल्याची लक्षणे, आणि नेमकी हीच भीतीचीही. कोणते काय, हे मनाला ओळखता येत नाही. बोट टोचूनच कळते.

२००३ मध्ये दृष्टी अंधुक झाली. इंदूरला डोळ्यांवर लेझर उपचार करावे लागले. मागील तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी डॉक्टरांनी माझ्या वहीशेजारी ठेवली आणि ते गप्प बसले. मग मी सारे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी काही काळ साखरेचे लक्ष्य थोडे वर ठेवले, इन्सुलिनच्या वेळा बदलल्या आणि घरी तपासणीचे यंत्र घ्यावयास लावले. माझा पेढाही चुकीचाच निघाला! स्निग्धांशामुळे त्यातील साखर रक्तात सावकाश उतरते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग जेवावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. त्याला तात्काळ रुग्णालयात न्यावे. आणखी एक. १०० युनिटांचे इन्सुलिन ४० युनिटांच्या सिरिंजमध्ये त्याच रेषेपर्यंत भरले, तर मात्रा अडीचपट होते. घरातल्यांनी बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा वाचावा.

मघाशी येथे उभे राहण्यापूर्वी माझे हात कापत होते, कपाळावर घाम होता. अध्यक्षांना सांगून मी मागच्या खोलीत गेलो आणि बोट टोचून पाहिले. आकडा १४२ आला. ती केवळ आपणांसमोर बोलण्याची धास्ती होती.