नवऱ्याचा कागद मागणारं सरकार

(एकट्या स्त्रियांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



सरकारकडून आपण काय अपेक्षा करायची, यावर मला बोलायला सांगितलं आहे. ‘मायबाप सरकार’ हा शब्द आपल्या तोंडात इतका बसला आहे, की अपेक्षा म्हटली की आपण पदर पसरूनच उभ्या राहतो. मायबाप दया करतात, कधी रागावतात. त्यांच्याकडे कुणी हिशेब मागत नाही. सरकारकडे मात्र हिशेब मागायचा असतो. म्हणून तो शब्द आधी बाजूला ठेवू या.

आपल्या राज्यघटनेचा ४१वा अनुच्छेद काय सांगतो? बेकारी, म्हातारपण, आजार, अपंगत्व आणि स्वतःचा दोष नसताना आलेली हलाखी, अशा वेळी माणसाला मदतीचा हक्क मिळावा म्हणून राज्याने ऐपतीप्रमाणे तजवीज करावी. या कलमावर थेट कोर्टात जाता येत नाही. पण कारभार याच तत्त्वांवर चालावा, असंही घटनाच म्हणते. आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईची हलाखी काही तिच्या दोषाने आलेली नसते.

तत्त्वाचा हक्क कसा होतो, हे महाराष्ट्राने दाखवलं आहे. १९७२च्या दुष्काळानंतर, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता द्यायचा, असं सरकारने स्वतःला बांधून घेतलं. हक्क प्रत्येक सज्ञान माणसाचा होता. बाईला तो नवऱ्यामार्फत मागावा लागत नव्हता.

आता अलीकडचं बघा. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली, महिना १५०० रुपयांची. परित्यक्तांचाही त्यात समावेश होता. पण २०२५ मध्ये ई-केवायसी करताना पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ओरड झाल्यावर सवलत मिळाली : पती-वडील नसतील तर मृत्यूचा दाखला द्या, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूम द्या. आणि टाकलेल्या बाईने काय द्यायचं? नवरा जाताना काही लिहून देऊन जात नाही. जिला मदतीची सर्वांत जास्त गरज, तीच कागदापाशी अडते. यात कुणाचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. फॉर्म तयार करताना ती कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती, एवढंच.

म्हणून आपल्या मागण्या तीन.

एक, बाईला स्वतंत्र नागरिक म्हणून मोजा. तिच्याकडे कागद नसेल तर गावात चौकशी करून दाखला देणं हे सरकारचं काम आहे.

दोन, उत्तर लेखी आणि मुदतीत द्या. २०१५चा लोकसेवा हक्क कायदा याचसाठी आहे. त्याखालच्या सेवांना मुदत ठरवलेली असते. अर्जाची पोच मिळायला हवी, उशीर झाला तर अपील करता येतं, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा ‘उद्या या’ असं ऐकलं तर भांडू नका. आधी पोच मागा.

तीन, माणसासारखं वागवा. ‘का गं टाकलं तुला?’ हे चारचौघांत, खिडकीवर विचारायचा हक्क कुणालाही नाही.

हे सगळं मुंबईत जाऊनच मागावं लागतं असं नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. येत्या सभेत, ज्या बायांची तयारी आहे त्यांची नावं घ्या. कुणाचा अर्ज कुठे, किती दिवस अडला आहे ते लिहा. ठराव करा, तो मोठ्या ग्रामसभेत वाचायला लावा. इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते बघा, आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा. पुढच्या मेळाव्याला त्या प्रती घेऊन या. तालुक्याला जायचं ते त्या हातात घेऊनच जाऊ.