चुंबकाचें भांडें

नाशिकजवळ एकलहरे येथील विद्युत्केंद्रांत कोळसा जळतो, तो लोखंडी भट्टींत. परंतु सूर्याप्रमाणें हायड्रोजनचीं केंद्रकें एकमेकांत मिळवून ऊर्जा काढावयाची म्हटली, तर ती भट्टी कशाची करावी? येथें उष्णता लागते दहा कोटी अंशांहून अधिक. भांडें वितळेल, अशी भीति सामान्यतः बोलून दाखविली जाते; यंत्र रचणाराची मुख्य भीति मात्र उलटी असते. प्लाझ्मा नांवाचा हा विद्युन्मय वायु इतका विरळ असतो कीं, भिंतीला टेकतांच तोच निवतो. म्हणून त्याला अधांतरीं धरावयाचें, तें चुंबकाच्या बळानें.

विद्युद्भारित कण चुंबकीय रेषेभोंवतीं गिरक्या घेत तिच्याच वाटेनें जातो. नळी सरळ असली तर तो टोकांतून निसटतो. मग टोकें जुळवून तिचें कंकण करावें, हें ओघानेंच आलें. पण खरी मेख येथेंच आहे. कंकणाच्या आंतल्या बाजूस तारेचीं वेटोळीं दाटीनें येतात, बाहेरल्या बाजूस विरळ. चुंबकत्वहि तसेंच कमीजास्त होतें. त्यामुळें धन कण एकीकडे व ऋण कण दुसरीकडे सरकतात, त्यांच्यामध्यें विद्युत्क्षेत्र उभें राहतें, आणि सगळा वायु बाहेरच्या भिंतीकडे लोटला जातो.

यावर उपाय म्हणजे रेषांना पीळ देणें. श्रोत्यांनीं सुंभाची दोरी डोळ्यांपुढें आणावी. तिचा प्रत्येक पदर कधीं वर, कधीं खालीं येतो. तसाच कणहि फिरतो व त्याचें सरकणें फिटतें. १९५० च्या सुमारास रशियांतील टॅम व साखारोव्ह यांनीं मांडलेल्या कल्पनेंतून निघालेल्या टोकामॅक यंत्रांत हा पीळ प्लाझ्मांतूनच विद्युत्प्रवाह खेळवून दिला जातो. ट्रान्सफॉर्मरचें दुसरें वेटोळें म्हणजे खुद्द प्लाझ्मा! युक्ति देखणी खरी. पण पहिल्या वेटोळ्यांतील प्रवाह बदलत असेल तोंवरच ती चालते.

गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेंत १९८९ सालीं चालू झालेल्या ‘आदित्य’ची हीच अडचण. पाऊण मीटर त्रिज्येचें कंकण, भोंवतीं २० वेटोळीं, रचना व बांधणी देशांतलीच. आणि प्लाझ्मा टिके तो सेकंदाच्या अंशभर. पुढच्या ‘एसएसटी-१’ यंत्रासाठीं द्रव हेलियमनें थंड केलेलीं अतिवाहक वेटोळीं घेतलीं, प्रवाह रेडिओलहरींनीं चालता ठेवण्याचें योजिलें, आणि उद्दिष्ट धरलें १००० सेकंदांचें. पहिल्या जुळणींत वेटोळ्यांच्या सांध्यांनीं व हेलियमच्या गळतीनें दगा दिला. सारें यंत्र उकलून पुन्हां बांधावें लागलें. २०१३ सालीं त्यांत प्लाझ्मा उजळला.

मुंबईचे डॉ. होमी भाभा यांनीं १९५५ सालीं जिनीव्हाच्या परिषदेंत अध्यक्षपदावरून या ऊर्जेला वीस वर्षांची मुदत दिली होती. ती केव्हांच उलटली. पण त्या वेळीं रशिया, इंग्लंड व अमेरिका या देशांतील बरेंचसें काम गुप्त होतें, हें टीकाकार सहसा सांगत नाहींत. आज फ्रान्समध्यें उभारल्या जात असलेल्या ‘ईटर’ यंत्राचें सुमारें ३० मीटर उंचीचें पोलादी वेष्टन भारतानेंच घडविलें आहे. त्याच्या पोटांत एकीकडे पंधरा कोटी अंशांचा वायु राखावयाचा आहे, आणि त्यापासून कांहीं मीटरांवर उणें २६९ अंशांचीं वेटोळीं.