वाचनाची खतावणी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर पंडित, प्राध्यापक व डॉक्टर बोलले. मी यांपैकी कोणी नाही. माझे शिक्षण बी. ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत झाले आणि त्यानंतरची पस्तीसहून अधिक वर्षे स्वयंपाकघर, देवघर आणि दुकानाच्या मागची खोली यांमध्ये गेली. संयोजक भगिनींनी विषय विचारला तेव्हा 'मी दरवर्षी पुस्तके वाचते, त्याविषयी बोलेन', असे सांगून बसले. आता ते निभावणे भाग आहे.

प्रारंभ २०१३ साली झाला. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली होती. एका रविवारी तिने मोबाइलवर दाखविले की, गुडरीड्स नावाच्या संकेतस्थळावर वाचक मंडळी वर्षारंभी आकडा जाहीर करतात आणि वर्षभरात तितकी पुस्तके वाचून पुरी करतात. याला 'रीडिंग चॅलेंज' म्हणतात. मला हसू आले. आपल्याकडे चातुर्मासात नियम घेतात, तो याहून वेगळा काय असतो? चारचौघांत बोलून दाखवायचे आणि मग लाजेकाजेस्तव का होईना, पाळायचे. मुलीला म्हटले, 'मीही नियम घेते.' वर्षाला चोवीस पुस्तके. चोवीस हा आकडा कसा सुचला, हे या सभेत सांगायला नको.

वर्षारंभ मात्र मी एक जानेवारीस धरला नाही. ज्येष्ठ शुद्ध पंचमी, म्हणजे आपली श्रुतपंचमी, हा दिवस धरला. गिरनारच्या गुहेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना जे शिकविले, ते पुढे त्यांनी षट्खंडागमाच्या रूपाने लिहून काढले. मुखोद्गत ज्ञान ग्रंथात उतरले, त्या पूर्ततेचा हा दिवस, असे परंपरा सांगते. आपण त्या दिवशी मंदिरातील शास्त्रे बाहेर काढतो, पुसतो, नवी वेष्टने घालतो. मी घरातील कपाट काढले. तेथे इयत्तांची जुनी क्रमिक पुस्तके, लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणि माझ्या कॉलेजच्या काळातील अकरा पुस्तके निघाली. पंचवीस वर्षांत त्यांना मी हात लावला नव्हता. का, ते पुढे सांगेन.

वाचलेल्याची नोंद कशात ठेवावी हा प्रश्न होता. यजमानांचे किराणा दुकान. संगणक आल्यापासून लाल कापडी बांधणीच्या वह्या पडून होत्या, त्यांतली एक मी मागून घेतली. डाव्या बाजूस पुस्तकाचे नाव आणि आरंभ-समाप्तीची तिथी, उजव्या बाजूस मनात काय राहिले ते. यजमान म्हणाले, 'कीर्द रोज लिहायची असते, खतावणी सवडीने. तुझी कोणती?' मी म्हटले, 'खतावणी.'

वेळ कोठून मिळतो, असे भगिनी नेहमी विचारतात. आपली घरे सूर्यास्तापूर्वी जेवतात. सातच्या सुमारास ओटा पुसून होतो. शेजारच्या घरांत तेव्हा कुकर चढत असतो. म्हणजे आपल्या पदरात रोज दोन-अडीच तासांची सवड पूर्वजांनीच टाकून ठेवलेली आहे आणि ती आपण मालिकांना वाहिली आहे. (मीही वाहिली होती, कोणावर टीका नाही.) मी त्यातला पाऊण तास काढून घेतला. दिवसाला वीस पाने धरली, तर वर्षाची सात हजार तीनशे पाने होतात. अडीचशे पानांचे पुस्तक धरले तर एकोणतीस पुस्तके. लग्नसराई, दिवाळीचा फराळ, उन्हाळ्यातले सांडगे-पापड, पाहुणेरावळे यांसाठी पाच पुस्तकांची सूट वजा जाता चोवीस उरतात. हिशेब दुकानदाराच्या घरचा आहे, चुकायचा नाही.

हिशेब चुकला नाही, पण मी चुकले. पहिल्या वर्षी वैशाखात अठरा पुस्तके झाली होती आणि महिना उरला होता. मग मी पातळ पुस्तके शोधू लागले. चाळीस पानांची चरित्रे, मुलांच्या गोष्टी. एका जाड कादंबरीची मधली शंभर पाने नुसती चाळली आणि शेवट वाचून तिथी घातली. चोवीस भरले. मुलीने फोनवर अभिनंदन केले आणि सहज विचारले, 'आई, त्या कादंबरीत त्या धाकट्या भावाचं पुढे काय होतं गं?' मला सांगता येईना. नियम घेतला होता, मोडला होता आणि वर पुरा झाल्याचे लिहिलेही होते. प्रतिक्रमणात आपण ज्या दोषांची आठवण करतो, त्यांत हा बसतो की नाही हे पंडितांनी सांगावे. मला रात्री झोप आली नाही, एवढे खरे. दुसऱ्या दिवशी वहीत त्या नावावर रेघ मारली आणि शेजारी 'नावे' असे लिहिले. बाकी पुढील वर्षी ओढली.

दुसऱ्या वर्षापासून नियमास एक पोटनियम जोडला: जे पुस्तक दुसऱ्याला सांगता येईल, तेच जमा धरायचे. आणि सांगायचे कोणाला? घरात दुपारी माझ्याखेरीज एकच व्यक्ती असे, माझ्या सासूबाई. आम्ही सारे त्यांना आक्का म्हणत असू.

येथे थोडे मागे जावे लागेल. माझे लग्न १९८८ साली झाले. तेव्हा आमच्या गावी वाचनालयाचा शिपाई घरपोच पुस्तके देई. माहेरच्या सवयीने मी वर्गणी भरली. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मी आत धान्य निवडत होते, बाहेर शिपाई आला. आक्कांनी माझ्या उशाशी असलेले, अर्धे वाचून झालेले पुस्तक त्याच्या हाती दिले आणि 'पुन्हा आणू नकोस' असे सांगितले. मला एक शब्द बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. त्या दिवसापासून २०१३ पर्यंत मी वर्तमानपत्र आणि पूजेचे पुस्तक यांपलीकडे काही वाचले नाही. हा राग मी पंचवीस वर्षे जपला, हे आज कबूल करते. वरून आमचे सासू-सुनेचे अगदी बरे चालले होते.

तर २०१४ च्या पावसाळ्यात मी आक्कांना पुस्तके 'सांगू' लागले. त्यांची नजर अधू झाली होती. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) सांगितली. माणदेशातल्या मेंढपाळांच्या वाडीवर आलेला पोरसवदा मास्तर, त्याने जमविलेली शाळा आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेली वाडी. आक्कांचे माहेर त्याच बाजूचे. त्या म्हणाल्या, 'सांगतीस कशाला, वाच की.' मग मी मोठ्याने वाचू लागले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात निघाले. त्यांत वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याचे जे वर्णन आहे, ते ऐकून आक्का डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. त्यांच्या सासऱ्यांचे सोवळे तसेच होते म्हणे. ते पुस्तक वाचायला मला तीन महिने लागले, कारण प्रत्येक प्रसंगाला आक्कांचा एक प्रसंग जोडून येई.

त्यानंतर रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' घेतले. ते १९१० चे. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन रमाबाई रानड्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी शिकवायला आरंभ केला आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला, कामात अडकवून ठेवणे, सारे त्यांनी सोसले आणि लिहिताना कोणाविषयी कडवटपणा येऊ दिला नाही. तो भाग वाचताना मी आक्कांकडे पाहिले नाही. आवाज मात्र, खरे सांगते, जरा चढाच लावला होता. पान संपले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'त्या बायकांस्नी वाचाय येत नव्हतं. घरात आलेल्या पोरीला येतंय म्हटल्यावर त्यांनी करावं तरी काय?'

मला तेव्हा कळले. आक्कांना वाचता येत नव्हते. दुसरीतून त्यांना शाळेतून काढले होते आणि जे येत होते तेही गेले होते. भक्तामर त्यांना मुखोद्गत. मंदिरात पूजेच्या पुस्तकाची पाने त्या नेमकी उलटत, कारण शेजारणीच्या हातावर त्यांची नजर असे. एका घरात सव्वीस वर्षे राहून मला हे ठाऊक नव्हते. शिपायाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मी पुस्तक मिटू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, 'मिटतीस कशाला? अजून उजेड हाय.'

पुढची सात वर्षे हा क्रम चालला. मोठ्याने वाचल्यास वीस पाने होत नाहीत, दहा-बारा होतात. चोवीसचा आकडा त्यानंतर कधीच भरला नाही. एका वर्षी सोळा, एका वर्षी तेरा. मुलगी म्हणे, 'आई, तुझं चॅलेंज बुडालं.' मी म्हणे, 'ओढून घेतले आहे.'

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. आपल्यापैकी अनेकींच्या घरांत तेव्हा पाणी होते, त्याचे वर्णन मी काय करावे? आम्ही आक्कांना खुर्चीसकट वरच्या मजल्यावर नेले. दुकानातील साखर-डाळ गेली. कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्याखाली राहिले. पाणी ओसरल्यावर पुस्तके गच्चीत दोरीवर उलटी टांगली. पानांमध्ये वर्तमानपत्राचे कागद घातले, दर दोन तासांनी बदलले, पंखा लावला. गुळगुळीत कागदाची पुस्तके चिकटून वीट झाली. साध्या कागदाची फुगली, पण वाचली. रमाबाईंचे पुस्तक वाचले. ते आता मिटत नाही. लाल वही वरच्या खोलीत होती म्हणून तीही वाचली.

२०२२ च्या हिवाळ्यात आक्का अंथरुणाला खिळल्या. तेव्हा आम्ही बनारसीदासांचे 'अर्धकथानक' घेतले होते. मुळात जौनपूरचे आणि पुढे आग्र्याला स्थिरावलेले हे आपले जैन व्यापारी कवी. १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपली जीवनकथा पद्यात लिहिली. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून ही अर्धी कथा, म्हणून हे नाव. भारतीय भाषांतील पहिल्या आत्मचरित्राचा मान तिला दिला जातो. पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईहून ती संपादून प्रसिद्ध केली. जुनी हिंदी मला जड जाई. मी एक एक पद्य लावून आक्कांना मराठीत सांगे. हा गृहस्थ स्वतःचे काहीही झाकत नाही. तरुणपणी शृंगारावर हजारभर पद्यांचा ग्रंथ रचला आणि पुढे तो गोमतीत बुडविला. आग्र्याला व्यापारात सारे गमावले तेव्हा एका कचोरीवाल्याकडे महिनोन्महिने उधारीवर जेवले. रात्री दहा-वीस माणसे जमवून त्यांना 'मधुमालती' आणि 'मृगावती' वाचून दाखवीत. आक्कांना हा कचोरीवाला फार आवडला. उधारी फिटली का, हे त्या मला दर दोन दिवसांनी विचारीत. किराणा दुकानदाराची आईच ती. फिटल्याचे सांगितल्यावर त्यांना केवढे बरे वाटले.

पुढे नऊ अपत्यांच्या मृत्यूचा भाग येतो. तो मी गाळणार होते. आक्कांची स्वतःची दोन मुले लहानपणी गेली होती. पण चाळलेल्या पानांचा अनुभव पाठीशी होता. वाचले. त्या रात्री त्या माझा हात धरून झोपल्या. सातशेला थोडी कमी पद्ये आहेत. आमची चारशेच्या पुढे झाली होती. त्या वर्षी खतावणीत नऊ नावे आहेत. 'अर्धकथानक' त्यांत नाही.

मराठीबरोबर प्राकृतलाही ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा घोषित झाला, तेव्हा उत्साहाने मी डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी संपादिलेली 'कुवलयमाला' मागवून घेतली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी आयुष्य वेचले. उद्द्योतनसूरींचा हा ग्रंथ इ. स. ७७९ चा, जालोरला रचलेला. तीन पानांत मी हरले. ते कपाटात वरच्या कप्प्यावर ठेवले आहे, पुराच्या पाण्याला न सापडेल असे.

यंदाच्या श्रुतपंचमीला मी 'अर्धकथानक' पुन्हा पहिल्या पद्यापासून उघडले. दुपारी तीन वाजता, मोठ्याने. शेजारच्या घरातील नवी सूनबाई भिंतीपलीकडून ऐकत असावी. परवा दार वाजवून तिने विचारले, 'काकू, त्या कचोरीवाल्याचे पैसे दिले का हो त्यांनी?' मी तिला म्हटले, 'आत ये, बस. अजून तिथवर आलो नाही.'