फिटलेलं देणं आणि कोर्टाचं दप्तर

समजा, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक यंत्रमाग कारखानदार आहे. माग दुरुस्त करणाऱ्या फिटरचे 42,000 रुपये त्याने थकवले. फिटरने दावा लावला आणि हुकूमनामा मिळवला. मग एके दिवशी दोघे टपरीवर भेटले, नोटा मोजून झाल्या, ‘मिटलं’ म्हणत दोघे उठले. पावती कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. तीन वर्षांनी बेलीफ कारखान्यात कोर्टाची नोटीस घेऊन आला: फिटरने दरखास्त दाखल केली आहे, अंमलबजावणी का करू नये ते सांगा.

मालक म्हणतो, पैसे केव्हाच दिले. खरंच दिले असतील. पण कोर्टाला ते कुणी सांगितलं?

मंडळी, सगळी गोम इथे आहे. उधारी जोवर दोघांतली असते, तोवर ती तोंडी मिटते. हुकूमनामा झाला की ती कोर्टाच्या दप्तरात जाते, आणि तिथून तिला काढावंही दप्तरातूनच लागतं. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधला आदेश 21, नियम 2 हेच सांगतो. कोर्टाबाहेर पैसे मिळाले तर ते कोर्टाला कळवण्याची जबाबदारी आधी धनकोची. त्याने पैसे पावल्याची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली की काम झालं. तो गप्प बसला तर ऋणकोने अर्ज करायचा; कोर्ट धनकोला नोटीस काढून नोंद घेतं. अशी नोंद नसलेला भरणा दरखास्त चालवणारं कोर्ट विचारातच घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सुलताना बेगम विरुद्ध प्रेमचंद जैन या प्रकरणात हेच पुन्हा बजावलं.

आता मुदती पाहा. पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायला धनकोकडे 12 वर्षं असतात. भरण्याची नोंद मागायला ऋणकोकडे फक्त 30 दिवस.

इतका कडकपणा कशासाठी? कारण उलट बाजूही तितकीच खरी आहे. फिटरने तारखा मारून हुकूमनामा मिळवायचा आणि वसुलीच्या वेळी मालकाने ‘रोख दिले’ म्हणत चार साक्षीदार उभे करायचे. तसं झालं तर दावा नव्याने सुरू झाल्यासारखंच. म्हणून 1859 च्या पहिल्या दिवाणी संहितेपासून हा नियम चालत आला आहे.

या नियमाचे चटके दख्खनच्या शेतकऱ्यांना ठाऊक होते. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली, तेव्हा त्यांचा डोळा मुख्यतः कर्जरोख्यांच्या कागदांवर होता. पुढे 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी आला. त्यात एक नामी तरतूद होती: शेतकऱ्याने कर्जापोटी पैसे दिले की त्याने मागितली नाही तरी घेणाऱ्याने लेखी पावती दिलीच पाहिजे. पण संरक्षण शेतीवर पोट असणाऱ्यालाच. मागावर बसणारा विणकर किंवा त्याच दशकात सोलापुरात उभ्या राहिलेल्या ‘जुन्या मिल’मधला कामगार त्यात बसत नव्हता.

दिवाणी संहितेतल्या 1976 च्या दुरुस्तीने पुराव्याचे मार्ग आखून दिले. पैसे कोर्टात भरावेत. किंवा धनकोला मनीऑर्डरने, बँकेतून, अथवा लेखी पुरावा राहील अशा रीतीने द्यावेत. किंवा कोर्ट सांगेल तसे. मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवताना दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं आणि रक्कम मुद्दल, व्याज, खर्च यांत कशी वळती करायची, हे लिहावं लागतं. नुसत्या तोंडी साक्षीवर ऋणकोच्या अर्जाने नोंद होत नाही. कागद हवा, नाहीतर धनकोची कबुली.

रोख द्यायचेच असतील तर पावतीवर दाव्याचा नंबर आणि सही घ्यावी. रक्कम 5,000 च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीटही लावावं. यूपीआयने दिले तर मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये, बँकेचा खातेउतारा काढून ठेवावा. फिटर पैसे घ्यायलाच तयार नसेल तर मनीऑर्डर पाठवावी. त्याने ती नाकारली तरी देऊ केल्याच्या तारखेपासून व्याज थांबतं. वर्षाला 6 टक्के दर असेल तर 42,000 वर ते 2,520 रुपये होतं.

टपरीवर नोटा मोजून देणाऱ्या कारखान्याच्या मालकाचं काय? फिटरने प्रामाणिकपणे कबूल केलं तर प्रश्नच नाही. नाकारलं, तर दरखास्तीत त्याचा बचाव टिकणं अवघड. फिटलेल्या हुकूमनाम्याची कपटाने अंमलबजावणी करणं हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम 210 मध्ये त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती आणि नव्या न्याय संहितेतही तशी तरतूद आहे. दुबार वसूल झालेले पैसे परत मागायला वेगळा दावाही लावता येतो. त्यात मालक वादी आणि फिटर प्रतिवादी. कोर्ट फी, साक्षी, तारखा सगळं पहिल्यापासून, आणि टपरीवर दिलेले पैसे शाबित करायचं ओझं पुन्हा मालकावरच.